लाल टाका

शिंपीमामाला कशाचीच भीती वाटत नाही, अशी गॅरेजमधल्या सगळ्यांची पक्की समजूत होती. खरं सांगायचं तर त्याच्याइतका भित्रा माणूस त्या अख्ख्या टीममध्ये दुसरा नव्हता, आणि गेली सव्वीस वर्षं तो त्या भीतीच्याच जोरावर नोकरी टिकवून होता. ताशी तीनशेच्या वेगाने पळणारी गाडी बनवणारे तिथे शंभर जण होते. ती गाडी भिंतीवर आदळली तर आतल्या माणसाचं काय होईल, याचा सकाळ-संध्याकाळ विचार करणारा हा एकटाच.

त्याचं काम तसं दोनच गोष्टींचं. ड्रायव्हरच्या अंगाला बरोब्बर बसेल अशी सीट घडवायची, आणि शर्यतीआधी ड्रायव्हरला सहा पट्ट्यांनी त्या सीटला बांधायचं. तरुणपणी तो मोटारींच्या गाद्या शिवायचा म्हणून शिंपी, आणि टीममधला सगळ्यात जुना म्हणून मामा. त्याची सख्खी लेकसुद्धा कामावर त्याला मामाच म्हणायची. घरी "बाबा, तू जेवलास का?" आणि गॅरेजात "मामा, तुमचा चहा झाला का?" बापाच्या वशिल्याने वर आली असं कोणी म्हणू नये, म्हणून हा नियम तिनेच घातला होता. लहानपणी अंगणात गोल गोल गाडी फिरवायची म्हणून तिचं घरातलं नाव भिंगरी. पुढे ती खरोखरच शर्यतीत उतरली, तेव्हा आईने ते नाव बंद करून टाकलं. ट्रॅकवर गाडीची भिंगरी होणं म्हणजे काय, ते आईने एकदा टीव्हीवर पाहिलं होतं.

लेक टीमची राखीव ड्रायव्हर होती. राखीव ड्रायव्हरने हेल्मेट काखेत धरून हसायचं, पाहुण्यांना गाडी दाखवायची आणि दुसऱ्याला काही होऊ नये असं तोंडाने म्हणत राहायचं. दोन वर्षं ती हे इमानेइतबारे करत होती. सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतीत याआधी बाई उतरली होती, तेव्हा मामाच्या डोक्यावर काळे केस होते.

आणि मग टीमचा पहिला ड्रायव्हर, ज्याला सगळे दादा म्हणत, मागच्या शर्यतीत मनगट मोडून बसला.

बुधवारी सकाळी मॅनेजरसाहेब मामाच्या टेबलापाशी आले. टेबलावर कात्री, दोऱ्याची रिळं आणि अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं.

"मामा, नवी सीट ओतायला घ्या."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? तुमच्या लेकीसाठी." साहेब हसले, पण लगेच आवाज खाली आणून म्हणाले, "एकच शर्यत म्हणून बघा. नीट पार पडली तर पुढचं बोलू. नाही पडली तर तो दुसऱ्या टीमचा बदली गडी तयारच आहे, त्याचं विमानाचं तिकीटही काढून ठेवलंय."

अभिमान वाटला नाही असं नाही, पण तो मागून आला आणि भीतीच्या मागेच उभा राहिला. मामाने सँडविच कागदात गुंडाळलं ते गुंडाळलंच, पुन्हा उघडलं नाही.

दुपारी त्याने घरी फोन केला. दोन वर्षांपूर्वी लेकीने करारावर सही केली तेव्हा बायकोने त्याला एकच अट घातली होती, आणि आता तीच पुन्हा सांगितली.

"अहो, तिला तुम्ही स्वतःच्या हाताने बांधायचं. दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये."

"मीच बांधणार. ते कामच आहे माझं."

"काम म्हणून नका बांधू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता त्या लाल टाक्याविषयी सांगायला हवं. सतरा वर्षांपूर्वी टीममध्ये एक ड्रायव्हर होता, सदा दात काढणारा, म्हणून त्याला हसऱ्या म्हणत. मामाचा जिगरी दोस्त. एका शर्यतीच्या दिवशी मामा त्याचे खांद्यावरचे पट्टे आवळत होता, तर हा म्हणाला, "मामा, आज जेवण जरा जास्त झालंय, दोन बोटं ढील दे की." मामाने दिली. दोस्ताला नाही कसं म्हणायचं? बाविसाव्या फेरीला गाडी भिंतीवर गेली. हसऱ्या जगला, पण मानेखालचं त्याचं काहीच हललं नाही, आजही हलत नाही. ढिलाई नसती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मामाला मात्र ठाऊक होतं, निदान तो तसं धरून चालला.

तेव्हापासून मामा प्रत्येक ड्रायव्हरला सीटमध्ये बसवून त्याचं नेमकं माप घ्यायचा आणि खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांवर, वरच्या वर, पट्ट्याला इजा न करता, लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. पट्टा पुरेसा आवळला की तो टाका बकलात गडप व्हायचा. बकलाच्या वर टाका दिसतोय म्हणजे पट्टा सैल. बांधण्याची रीतही ठरलेली. आधी कमरेचे, मग पायांमधले, शेवटी खांद्यांचे. सगळे आवळून झाले की मामा म्हणायचा, "श्वास सोड." ड्रायव्हरने श्वास सोडला, छाती आत गेली, की तेवढ्यात शेवटचा हिसका. तो हिसका असा असायचा की भले भले शिव्या घालायचे. मामा शिव्या ऐकून हेल्मेटवर दोन टिचक्या मारायचा आणि निघून जायचा.

गुरुवारी लेकीची सीट ओतली. जाड पिशवीत दोन रसायनं एकत्र ओततात, ड्रायव्हर तिच्यावर बसतो, आणि फेस फुगून त्याच्या पाठीच्या, कमरेच्या आकाराला घट्ट होतो. वीस मिनिटं जागचं हलायचं नाही. ती डोळे मिटून बसली होती, आणि मामा घड्याळ बघत समोर उभा होता. मान सांभाळणारी कॉलर बाजारात मिळते ती पुरुषी खांद्यांच्या मापाची, तिच्या खांद्यांवरून पट्टे घसरले असते. पण मामाने तिच्या मापाची अरुंद कॉलर वर्षभरापूर्वीच, कोणी सांगितलं नसताना, करून घेऊन कपाटात ठेवली होती. ती त्याने काढली तेव्हा लेकीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"मामा, तुम्हाला माहीत होतं मला संधी मिळणार?"

"मिळू नये म्हणून प्रार्थना करत होतो," मामा म्हणाला. ती हसली. तिला वाटलं, हा विनोद आहे.

संध्याकाळी बाहेर पडायची परीक्षा झाली. पूर्ण बांधलेल्या ड्रायव्हरने सात सेकंदांत पट्टे सोडून गाडीबाहेर उभं राहायचं, नाहीतर शर्यतीत उतरता येत नाही. निरीक्षकाने स्टॉपवॉच दाबलं, आणि मामा मनातल्या मनात म्हणाला, साडेसात लागू देत. देवा, साडेसात. तिला सहाही लागले नाहीत. गॅरेजात टाळ्या पडल्या. मामानेही वाजवल्या, आणि आपण काय मागितलं होतं ते आठवून त्याचे कान तापले.

पट्टे आवळायला खरं तर दोन माणसं लागतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दादाच्या वेळी दुसऱ्या बाजूला पैलवान असायचा. हा पैलवान एरवी गाडीचं नाक जॅकने उचलायचा, आणि त्याचे हात असे की गाडी जॅकशिवायही उचलली असती. पण लेकीचे पट्टे आवळायची वेळ आली तसा तो लाजून लाल झाला.

"मामा, बाईमाणसाला असं... म्हणजे पायांमधून पट्टा... ते तुम्हीच बघा बुवा."

"पैलवान," लेक आतून ओरडली, "इथे बसले की मी बाई नाही, सामान आहे. सामान नीट बांधा!"

सगळे हसले. पैलवान मात्र सटकला तो सटकलाच. मामाने त्याला अडवलं नाही. बायकोला दिलेला शब्द त्याला आयताच पाळता येत होता. एका बाजूचे पट्टे आवळून तो दुसऱ्या बाजूला जायचा. दुसरी नजर नाही, दुसरा हात नाही, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

शनिवारी सुटायची जागा ठरवणाऱ्या वेळेच्या फेऱ्या झाल्या. तिने चौदावी जागा मिळवली. बाहेर पत्रकारांनी तिला विचारलं, हेल्मेटमध्ये केसांचं काय करता? ती म्हणाली, "दादाला विचारा, त्याचे माझ्यापेक्षा लांब आहेत." पण आत येऊन तिने सूट खांद्यावरून उतरवला, तेव्हा मामाने पाहिलं. गळ्याच्या हाडावर, दोन्ही बाजूंना, पट्ट्याच्या रुंदीचा काळानिळा वळ उठला होता. ब्रेक दाबताना सगळं अंग त्या पट्ट्यांवर जातं. दादालाही असे वळ उठायचे, आणि मामा त्यांना "पदकं" म्हणायचा. लेकीला तो काही म्हणाला नाही. बर्फाची पिशवी आणून दिली आणि तिथून निघून गेला.

रविवारी ट्रॅकवर गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. ऊन होतं, रबराचा वास होता, माणसांची ही गर्दी. मामाने लेकीला बसवलं, कॉलर लावली. कमरेचे पट्टे. पायांमधले. डावा खांदा आवळला, वळसा घालून उजवा आवळला. मग तिच्या हेल्मेटजवळ तोंड नेऊन म्हणाला, "श्वास सोड."

तिने सोडला. मामाने दोन्ही पट्टे पकडून खेचायला सुरुवात केली, आणि हेल्मेटच्या आतून एक बारीक आवाज आला. शिवी नव्हती. लहानपणी गुडघा फुटल्यावर आयोडीन लावताना यायचा तसा, ओठ मिटून दाबलेला आवाज. तेवढ्यात भोंगा झाला, सगळ्यांनी ट्रॅक सोडायची वेळ झाली. मामाने हेल्मेटवर दोन टिचक्या मारल्या आणि तो पळाला. आपण खेचलं, असंच त्याला वाटत होतं. देवाशपथ त्याला तसंच वाटत होतं.

शर्यत सुरू झाली तेव्हा मामा गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पहिल्या वळणावर वीस गाड्या एकदम घुसतात, तेव्हा तो नेहमीच डोळे मिटायचा. उघडले तेव्हा ती अकरावी होती. रेडिओवरून तिच्याशी बोलणारा इंजिनिअर खुर्चीतून अर्धा उठला होता. दुसऱ्या फेरीला ती दहावी. चौथ्याला नववी.

"नववी!" इंजिनिअर ओरडला. "मामा, बघा तरी! पहिल्या दहात!"

मामाने पडद्याकडे पाहिलं. गाडीतला कॅमेरा तिच्या तोंडासमोर होता, हेल्मेट आणि खांदे स्वच्छ दिसत होते. आणि डाव्या खांद्यावर, बकलाच्या वर चांगलं दोन बोटं, लाल टाका दिसत होता.

मामाला आधी वाटलं, ऊन पडलंय, चमक असेल. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला. उजव्या खांद्यावरचा टाका दिसत नव्हता, डावा दिसत होता. मग ते सगळं त्याला परत दिसलं: तिचा तो दाबलेला आवाज, आणि आपला उजवा हात थांबलेला. हो, थांबला होता. तिच्या डाव्या खांद्यावर त्याचा हात थांबला होता आणि त्याने तो थांबू दिला होता.

त्या टाक्याचा अर्थ गॅरेजवाल्यांत त्याच्याशिवाय फक्त पैलवानाला माहीत होता, आणि पैलवान बाहेर जॅक धरून उभा होता. मामा काही बोलला नसता तर कोणाला काही कळलं नसतं. ट्रॅकवर एक वळण होतं, अकरावं. पुढचं दिसत नाही, गाडी अडीचशेच्या वेगाने आत शिरते आणि बाहेरच्या बाजूला भिंत. कॉलर मान धरून ठेवते, पण कॉलरला पट्टा धरून ठेवतो. पट्टा सैल असेल तर भिंतीवर आदळताना कॉलर निसटते, आणि मान एकटी पडते.

"तिला विचारा, पट्टा कसा आहे," मामा इंजिनिअरला म्हणाला. आवाज आपला नव्हेच असा निघाला.

इंजिनिअरने विचारलं. रेडिओवर खरखर झाली आणि तिचा आवाज आला, "ठीक आहे. मागचा किती मागे आहे ते सांगा."

ती खोटं बोलत होती. डावा खांदा सुटा राहिलेला ड्रायव्हरला पहिल्याच ब्रेकला कळतो. पण आत बोलावलं तर वीस-पंचवीस सेकंद गेली, म्हणजे सगळंच गेलं. तिच्या जागी दादा असता तर तोही हेच बोलला असता. हसऱ्याही हेच बोलला असता.

मामा साहेबांपाशी गेला.

"साहेब, तिला आत घ्या. डावा पट्टा सैल आहे."

साहेबांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "ती म्हणतेय ठीक आहे."

"मी सांगतोय, सैल आहे."

"मामा, अठराव्या फेरीला टायर बदलायला ती येणारच आहे. तेव्हा आवळा. आता पाचवी चालू आहे." साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. "पोटच्या पोरीला तिथे बघणं सोपं नाही, मला कळतं. पण मला एक सांगा, हे शिंपी बोलतोय की बाप?"

मामा गप्प राहिला, आणि गप्प राहण्याची किंमत म्हणजे सहावी फेरी. अकरावं वळण आलं, गाडी आत शिरली, मामाने श्वास धरला, गाडी बाहेर आली. सातवी फेरी. अकरावं वळण. अजून अकरा वेळा हे बघायचं होतं. बायको या घटकेला स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून फळ्या धूत असेल, दर शर्यतीला धुते तशी, टीव्हीकडे पाठ करून. संध्याकाळी ती फोनवर एकच विचारणार होती, "तुम्हीच बांधलंत ना?"

आठव्या फेरीला अकराव्या वळणावर पुढची गाडी घसरली. घसरून आडवी झाली. लेकीने ब्रेक दाबला, डावीकडे काढली, गवताला चाटून निघून गेली. एका सेकंदाचा खेळ. गॅरेजात सगळे "वा!" म्हणाले. मामाने मात्र पडद्यावर एकच गोष्ट पाहिली. ब्रेक दाबताच तिचा डावा खांदा सीट सोडून पुढे आला आणि कॉलरची कड पट्ट्याखालून सुटायला लागली. मग परत बसली. या वेळी बसली.

"साहेब," मामा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज सगळ्या गॅरेजने ऐकला, "सैल बांधलं ते बापाने. बोलतोय तो शिंपी."

मामाने वाट पाहिली नाही. इंजिनिअरच्या पुढचं बटण दाबून त्याच्या माइकमध्ये तोंड घातलं.

"आत ये."

खरखर. "कोण? मामा?"

"बाबा बोलतोय. डावा पट्टा सैल राहिलाय. माझ्या हातून राहिला. आत ये."

नुसता इंजिनचा आवाज. ती ऐकणार नाही, असं मामाला वाटलं. मग पडद्यावर गाडी सरळ रस्ता सोडून पिटच्या, म्हणजे गॅरेजांसमोरच्या, वाटेला वळली, आणि मामा धावत सुटला.

टायरवाले तयारीत नव्हते, धांदल उडाली. मामा वाकला. काळ्या काचेआड तिचे डोळे दिसत होते आणि ते सरळ समोर बघत होते. "श्वास सोड," तो म्हणाला. तिने सोडला. मामाने तो पट्टा असा खेचला की त्याच्याच खांद्यात कळ गेली. हेल्मेटमधून तोच आवाज आला, या वेळी मोठा. टाका बकलात गडप झाला. टिचक्या मारायचं भान त्याला राहिलं नाही.

ती बाहेर पडली तेव्हा सगळ्यात शेवटी होती. पुढच्या चव्वेचाळीस फेऱ्या तिने अशी गाडी हाकली की दुसऱ्या टीमची माणसंही कठड्यापाशी येऊन बघत राहिली. शेवटी सोळावी आली. कोणी भिंतीवर गेलं नाही, कोणाला खरचटलंही नाही. आठव्या फेरीतल्या त्या घसरगुंडीनंतर अकरावं वळण दिवसभर कोणाच्याही वाट्याला गेलं नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "तुम्हीच बांधलंत ना?"

"मीच," मामा म्हणाला.

टीमने पत्रक काढलं: तांत्रिक कारणामुळे गाडी आत घ्यावी लागली. मामा साहेबांकडे जाऊन म्हणाला, माझं नाव घाला, चूक माझी आहे. साहेब म्हणाले, पत्रकात नावं घालत नाहीत. पण पिटमध्ये पट्टा आवळताना टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या. पहिल्या दहात असताना पट्ट्याने दगा दिला. पट्टे स्त्रियांच्या शरीराला मानवतात का? एका माजी ड्रायव्हरने तर टीव्हीवर बसून मान डोलावली आणि म्हणाला, शेवटी निसर्गापुढे कोणाचं चालतं?

लेक तीन दिवस घरात बोलली नाही. चौथ्या दिवशी जेवायच्या टेबलावर तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, सोळावी आले त्याचं मला काही नाही. पण आता माझ्यामागून जी कोणी येईल ना, तिलाही विचारतील, बाई, तुला पट्टा झेपतो का? मला झेपत होता. तुला झेपला नाही."

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मामा ताटाकडे बघत होता.

"मला दुखलं म्हणून तू थांबलास," ती म्हणाली. "दादाला दुखलं तर तू हसतोस. त्याला पदक म्हणतोस."

"तो माझा कोणी नाही," मामा म्हणाला.

"मग मीही कोणी नको." तिचा आवाज फुटला, पण तिने वाक्य पूर्ण केलं. "दादाचं मनगट अजून जुळलेलं नाही. साहेबांचा आज फोन होता, आणखी एक शर्यत देतायत. मी हो म्हटलंय. पण माझे पट्टे यापुढे तू बांधायचे नाहीस. मी साहेबांना तसं सांगितलंय."

आईचा हात तोंडावर गेला. "अगं, पण बाबांनीच..."

"आई, ती अट तुझी होती. माझी नव्हती."

ती बरोबर बोलतेय, हे मामाला पडद्यावर टाका दिसला त्या क्षणापासून माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकणं वेगळं. तो उठला, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, आणि पाठ वळवूनच म्हणाला, "मग पैलवानाला शिकवावं लागेल. दुसऱ्या कोणाच्या हातात तेवढी ताकद नाही."

पैलवानाने आधी नाही म्हटलं, मग कान धरले, मग आजारी असल्याची बतावणी केली. कशाचाही उपयोग झाला नाही. शनिवारी सकाळी कारखान्यात, नुसत्या सीटचा सांगाडा जमिनीवर ठेवून, लेक त्यात बसली. हेल्मेट नव्हतं, त्यामुळे तिचा चेहरा उघडा होता. गळ्याच्या हाडावरचे वळ आता पिवळे पडले होते.

मामा तीन पावलांवर उभा राहिला. हात पाठीमागे घेऊन, एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून.

"कमरेचे आधी. हां. मग पायांमधले. लाजू नकोस, सामान आहे ते." लेकीच्या ओठांवर किंचित हसू आलं आणि गेलं. "आता खांदे. दोन्ही एकदम."

पैलवानाने आवळले. टाका अजून वर दिसत होता.

"श्वास सोड," मामा लेकीला म्हणाला. तिने सोडला. "आता खेच."

पैलवानाने खेचलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ओठ मिटले. तोच आवाज आला, आणि पैलवानाचे हात जागच्या जागी थिजले. त्याने वळून मामाकडे पाहिलं, की मामा म्हणेल, बस, पुरे.

लेकही मामाकडेच बघत होती. लाल टाका अजून अर्धं बोट वर होता.

"थांबलास कशाला?" मामा म्हणाला. "अजून खेच."